लांब शंख

गुड फ्रायडे, दुपार
तांती युडोराचं घर, खाली खाडीवर

कोरीन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडू नकोस. निदान पहिलं पान वाच, मग हवं तर चूल पेटव त्याने.

काल बोटीने आलो. डॅडी, मी, रॉल्स्टन आणि शेरिस. आमचा थोरला, डेरेक, आता टोरांटोला असतो, तो नाही आला. तुझ्या घराचं लाल पत्र्याचं छप्पर या व्हरांड्यातून दिसतं. तू वाळत घातलेली चादरसुद्धा दिसते. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर बसून मी सख्ख्या बहिणीला पत्र लिहितेय, आणि ते टेकाडावर न्यायला सत्तरीची आपली मावशी, तांती युडोरा, टोपी घालून तयार उभी आहे. "दोघींना जीभ नाही का गं?" म्हणते. मी म्हटलं, "जीभ आहे म्हणून तर हे सगळं झालं, तांती."

काल मी तुझ्या दारात आले होते. कुत्रा तरी भुंकला, तू तर खिडकीच लावून घेतलीस. फोन तू माझा कधीच बंद करून टाकलास. तेव्हा आता हे पत्र. शाळेत पोरींना पत्रलेखन शिकवते मी, मलाच कामी आलं बघ.

डॅडींना नोव्हेंबरात झटका आला. उजवं अंग गेलं. तोंड वाकडं झालंय, शब्द निम्मेच फुटतात. डॉक्टर म्हणाले, यापुढे प्रवास नको. तर त्यांनी एकच धोशा लावला, "खाडी, खाडी." आपण तीस वर्षं दर ईस्टरला इथे यायचो, आणि गेली अकरा वर्षं त्यांनी टोबॅगोचं नावसुद्धा काढलं नव्हतं. मासा ताटात घेतला नव्हता. आता म्हणे, खाडी. म्हणजे काय ते मला कळतं. खाडी म्हणजे तू.

बुधवारी सकाळच्या बोटीने परत जायचंय. तेवढ्यात एकदा खाली ये. दहा मिनिटं. बोलू नकोस हवं तर, त्यांच्यासमोर नुसती उभी राहा. ते पुन्हा येऊ शकणार नाहीत, हे तुलाही दिसतंय आणि मलाही.

आता ते बोलूनच टाकते, कारण तू अकरा वर्षं तेच धरून बसली आहेस. तो ईस्टरचा मंगळवार. शंख वाजला आणि डॅडींना वाटलं मासे आले. त्यांनी ते निळं घमेलं उचललं आणि धावत सुटले, आम्ही त्यांच्या मागोमाग. आम्ही पडलो त्रिनिदादची सुट्टीवर आलेली माणसं. आम्हाला काय कळणार, आखूड आखूड वाजला की मासे आणि लांब वाजला की मयत? आम्हाला शंख म्हणजे शंख. दोर पाण्यात दिसला, सगळ्यांनी दोराला हात लावला. डॅडी ओरडत होते, "ओढा, ओढा! माझा वाटा मोठा ठेवा!" आणि जाळ्यात आल्विन आला. सगळ्या वाडीसमोर तू नवऱ्याच्या डोक्याशी बसलेली, आणि डॅडी तुझ्यासमोर रिकामं घमेलं घेऊन उभे.

अजाणता झालं ते, कोरीन. अकरा वर्षं झाली. पोरं तेवढी घरी होती, देवाची कृपा.

बाकी खाडी आहे तशीच आहे. आज समुद्रात कुणी उतरत नाही, गुड फ्रायडेला उतरला तो मासा होतो म्हणतात; रॉल्स्टन तेवढा पाय बुडवून आला. शेरिस त्याला म्हणते, "मासा झालात तर तळून खाऊ हं, पप्पा." तांतीने भविष्य बघायला बाराच्या ठोक्याला पाण्याच्या ग्लासात अंड्याचं पांढरं सोडून ते उन्हात ठेवलं. तिला त्यात जहाज दिसलं, मला शवपेटी दिसली. डॅडी बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "को... कोरीन."

ये गं. एवढा कसला ताठा.

थिया


शनिवार, सकाळी दहा

कोरीन,

तांती काल पत्र देऊन आली ती दम लागून पायरीवर बसली. मी पाणी दिलं आणि विचारलं, "वाचलं का तिने?"

"वाचलं. खेकडे साफ करत होती. हात पुसले आणि उभ्या उभ्या वाचलं."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, तिला विचार, पोरं घरी का होती?"

"एवढंच?"

"एवढंच. आणि हा डबा दिला, म्हाताऱ्यासाठी."

डब्यात खेकड्याची करी आणि डंपलिंग. कोरीनबाई, हा कुठला न्याय? चार पावलं खाली येऊन बापाचं तोंड बघवत नाही, पण डबा पाठवता येतो. आजाऱ्याला शेजारीपाजारी पाठवतात तसा. मी तो डबा परत पाठवणार होते. पण डॅडींना वास गेला आणि त्यांनी डावा हात पुढे केला. अकरा वर्षांनी समुद्रातलं काही खाल्लं त्यांनी. पाऊण तास लागला. नांग्या मी फोडून दिल्या. शर्टभर रस्सा झाला आणि रडत होते, पण थांबले नाहीत.

आता तुझा प्रश्न. अकरा वर्षांनी तू एक वाक्य बोललीस आणि ते हे! पोरं घरी का होती, कारण शेरिसला सर्दी झाली होती. सहा वर्षांची होती ती, नाक गळत होतं. डेरेक तिच्यासोबत बसला. झालं समाधान? मी तुला बापाबद्दल लिहिते आणि तू मला माझ्या पोरीच्या नाकाबद्दल विचारतेस.

तू रापण चालवतेस म्हणे. आल्विनची होडी, आल्विनचं किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, शंखसुद्धा तुझाच माणूस वाजवतो आणि वाटे तू स्वतःच्या हाताने करतेस. तांती सांगते, "दोराला हात लावला त्याला वाटा. मग तो परका असो, दारुडा असो, भांडलेला असो. कोरीन कुणाला रिकामं पाठवत नाही." वा. अख्ख्या खाडीला वाटा आहे, बापालाच तेवढा नाही.

उद्या चर्चमध्ये भेटशील. तिथून कुठे पळणार?

थिया


ईस्टर, रविवार

कोरीन,

पळालीस. बाजूच्या दाराने.

आम्ही मुद्दाम तासभर आधी जाऊन बसलो होतो. रॉल्स्टनने चाकांची खुर्ची पायऱ्यांवरून उचलून वर नेली, पाठ धरली त्याची. डॅडींना करडा सूट घातला, तुझ्या लग्नातला. तो सूट त्यांनी लग्नात किती कुरकुरत घातला होता, आठवतंय? "कोळ्याच्या लग्नाला टाय कशाला?" आणि मग तिथे आल्विनसोबत सगळ्यांत जास्त तेच नाचले.

तू दोन बाकं पुढे होतीस. अंगावर पिवळा झगा. केस पांढरे झालेत गं तुझे, माझ्याआधी. डॅडी पूर्ण वेळ तुझ्या मानेकडे बघत होते. शेवटच्या गाण्याला त्यांनी डावा हात वर केला, तू वळलीस की दिसावा म्हणून. तू वळलीस. मी बघितलं, तू त्यांच्याकडे बघून हसत होतीस. मग तुझी नजर माझ्यावर आली आणि तुझा चेहरा असा काही झाला की बस्स. आणि तू निघून गेलीस. हात तसाच वर. मीच तो खाली घेतला.

तुला शोभतं का हे? मी काय केलंय तुझं? बावीस वर्षं मी त्यांना सांभाळतेय. तू एका होडीवाल्यापायी पळून इथे आलीस तेव्हा कपाट आवरलं कुणी? मी. मम्मी गेली तेव्हा उशाशी कोण होतं? मी. आणि तू एकदाही फोन करून विचारलं नाहीस की म्हातारा जगतोय की मेलाय.

बरं, केलेस. तीन केलेस. पहिल्या वर्षी दोन आणि नंतर एक. मी घेतले आणि डॅडी झोपलेत म्हणून सांगितलं. खरंच झोपले होते. एकदा तरी झोपले होते.

शेरिस मागे उभी राहून वाचतेय. कार्टीला शिस्त नाही. कालचंही पत्र वाचलं होतं तिने. म्हणते, "मम्मी, मला सर्दी कधी होती? तू आम्हाला म्हणालीस, पाव संपल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. डेरेक दारापर्यंत धावला होता, तू त्याला दंडाला धरून परत बसवलंस. मला चांगलं आठवतं, कारण आम्ही दोघं रडलो होतो."

सहा वर्षांच्या पोरीला काय आठवणार?

हे पत्र तांतीकडे देऊ की नको, कळत नाही. देतेच.

थिया


सोमवार

कोरीन,

तांती आज तुझ्याकडून रिकाम्या हाताने आली. मी म्हटलं, काय म्हणाली? तर म्हणे, "काही नाही. तुला विचारलेल्या गोष्टीचं उत्तर तुझ्याकडे आहे, असं म्हणाली." आणि मग तांती माझ्याकडे बघत राहिली. ती सगळं जाणते. तिनेच तर मला शिकवलं होतं.

लिहिते. एकदाच लिहीन.

मी दहा वर्षांची होते, तू तीनची. तांती इथल्याच पायरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती, मी तिच्याजवळ बसले होते. टेकाडामागून शंख वाजला. तांतीचे हात थांबले. तिने मला मोजायला लावलं. "आखूड तीन, लगोलग, म्हणजे मासे. लांब एक, मग गप्प, मग पुन्हा लांब, म्हणजे मयत. माशांना भांडं न्यायचं. मयताला भांडं न्यायचं नाही, नुसते हात न्यायचे." मी घरात धावत गेले आणि डॅडींना सांगायला लागले. ते म्हणाले, "मला शिकवतेस? मला या बेटाचं सगळं कळतं." पुढे कधी मी पुन्हा सांगितलं नाही.

तू त्यांना आम्ही बघितलं तसं कधी बघितलंच नाहीस. कस्टममधला हेडक्लार्क, घरात सगळ्यांचा साहेब. भात किती मऊ हवा इथपासून देव कसा आहे इथपर्यंत सगळं त्यांना ठाऊक. तू पळून गेलीस, दोन महिने त्यांनी तुझं नाव टाकलं, आणि मग काय झालं कोण जाणे, तूच त्यांची वाघीण. "कोरीनमध्ये दम आहे. कोरीन कुणाला भीत नाही." हे कुणाला ऐकवायचे? मला. मी त्यांच्या शर्टाला बटण लावत असायचे तेव्हा.

त्या मंगळवारी मी पहाटेपासून चुलीपुढे होते. पाव तळले, खारा मासा केला. सगळे बसले. डॅडींनी एक घास घेतला आणि पाव हातात धरून रॉल्स्टनला दाखवला. "हा बघ. याने बुटाला तळ लावता येईल. कोरीनच्या हाताचा खाल्ला असशील ना? चव असते ती तिच्याकडेच." रॉल्स्टन हसला. पोरंही हसली.

आणि शंख वाजला. लांब एक. मग गप्प. मग पुन्हा लांब.

डॅडी उठलेच. "शंख! मासे आले! चला, चला!" मला वाटलं, म्हातारे नेड गेले. आठवडाभर त्यांचा श्वास लागला होता, सगळ्या वाडीला माहीत होतं. देवाशपथ सांगते, मला तेवढंच वाटलं. शंभरी गाठलेला माणूस, सुटला बिचारा. आणि दुसऱ्या क्षणी मनात आलं, जाऊ दे यांना. मयताला घमेलं घेऊन जाऊ दे. सगळ्या खाडीसमोर एकदा तरी कळू दे, यांना या बेटाचं काय कळतं ते. ते घमेलं घेऊन निघाले, मी थांबवलं नाही. पोरांना बसवलं. माझ्या पोरांनी मयतावर नाचत जायला नको होतं, एवढी अक्कल मला होती.

खाली आले तर दोर पाण्यात. तेव्हा कळलं, हे नेड नाहीत. कुणाला तरी समुद्राने नेलंय, आणि जाळं त्याला शोधायला टाकलंय. तेव्हासुद्धा मी हाक मारू शकले असते. "डॅडी, गप्प बसा" एवढे तीन शब्द. ते ओरडत होते, "माझा वाटा मोठा ठेवा!" माझी जीभ उचलली नाही. मग जाळं वाळूवर आलं.

आणखी एक लिहिते, म्हणजे माझ्याजवळ काही उरायला नको. त्या दिवसानंतर डॅडी गप्प झाले. कशावरही बोलेनात. भात कसाही करा, खातात. घरात आवाज नाही. अकरा वर्षं ते स्वतःला खात होते आणि मला एका शब्दात सोडवता आलं असतं. नाही सोडवलं. सुरुवातीला भीती होती. नंतर नंतर, खरं सांगते, मला ती शांतता आवडायला लागली होती.

तुझे फोन त्यांना का दिले नाहीत ते आता तुझ्या लक्षात आलं असेल.

आता मला काय म्हणायचं ते म्हण. पण राग काढायचा तो माझ्यावर काढ. त्यांना भेट. आणि त्यांना हे सांगू नकोस. एवढं ऐक माझं, पाया पडते. ते मला काय म्हणतील ते मला ऐकवणार नाही.

अल्थिया


मंगळवार, सकाळ

कोरीन,

तांती म्हणते, तू पत्र वाचलंस, घडी केलीस, झग्याच्या खिशात टाकलंस आणि जाळं शिवायला बसलीस. उद्या या वेळी आम्ही बोटीवर असू. इथे सगळे बोकडांच्या शर्यतीला निघालेत, शेरिसने बापालाही तयार केलंय. डॅडी नको म्हणाले. आधी सगळ्यांत पुढे उभे असायचे कठड्याला, बोकडांनासुद्धा शिकवायचे पळायचं कसं. मी त्यांच्याजवळ बसलेय. अजूनही तू

शंख वाजतोय.


२६ एप्रिल
अरिमा, त्रिनिदाद

कोरीन,

पंधरा दिवस झाले. त्या मंगळवारी जे झालं ते तुला माहीत आहे, तू तिथेच होतीस. तरी मी लिहून ठेवतेय. मी माझ्या सोयीने गोष्टी बदलते, हे आता तुलाही कळलंय. कागदावर असलेलं बरं.

शंख वाजला तेव्हा डॅडींनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. डोळे एवढे झालेले. "कुठला?" म्हणाले. "कुठला... शंख?"

ज्या माणसाने जन्मात कुणाला काही विचारलं नाही तो मला विचारत होता. मी म्हटलं, "मासे, डॅडी. आखूड तीन. मासेच आहेत."

त्यांनी मनगट सोडलं नाही. मग अडखळत म्हणाले, "तुला... कसं... कळतं?"

मी म्हटलं, "तांतीने सांगितलं. आत्ताच."

बघ, तुला सगळं लिहून पाठवल्यानंतर दुसऱ्याच दिवशी हे.

त्यांनी खाली न्यायला सांगितलं. रॉल्स्टन आणि शेरिसने वाळूवर फळ्या टाकून खुर्ची ढकलली. त्यांनी भांडं घेऊ दिलं नाही. शेरिसने बादली उचलली तर ती ठेव म्हणून हट्टाला पेटले. दोराच्या शेपटाला खुर्ची लावली, त्यांनी डाव्या मुठीत दोर धरला. ओढ कसली लागणार त्यांच्याने, पण धरला. त्यांच्या मागे मी हात लावला. तीस वर्षांत किती वेळा ओढला असेल, पण त्या दिवशी माझे तळवे सोलून निघाले.

तू कमरेपर्यंत पाण्यात होतीस. "हळू! खालचा दोर वाळूला चिकटवून ठेवा! ए रॉल्स्टन, सुट्टीवर आलास की कामाला? पोटाने नको, पायाने ओढ!" सगळे हसले. डॅडीसुद्धा. मला तुझा आवाज ऐकून रडू आलं, तुला खरं वाटणार नाही.

मासे बेताचेच होते. तू वाटे करत करत आलीस आणि डॅडींच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसलीस.

"डॅडी, भांडं कुठंय?"

त्यांनी मान हलवली.

"असं कसं? मासे आलेत. माशांना भांडं आणायचं असतं," तू म्हणालीस आणि स्वतःची बादली त्यांच्या मांडीवर ठेवलीस. तुझ्या हाताने त्यात मासे टाकलेस, मोठे मोठे बघून. "मोठा वाटा मागितला होता ना तुम्ही? घ्या. अकरा वर्षं राहिला होता."

ते म्हणाले, "मी... चुकलो."

तू म्हणालीस, "तुमच्यावर कोण रागावलंय? मी? तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तुझे फोन दाबून ठेवणारी मी मात्र त्यांच्याकडेच बघत होते.

मग तू मला बदामाच्या झाडाखाली नेलंस. तुझं बोलणं मी जसंच्या तसं लिहिते.

"मासे आले म्हणून धावताना पोरांना घरी बसवणारी बाई या खाडीत अजून जन्मली नाही. पोरं तर सगळ्यांच्या पुढे पळतात. मला त्याच दिवशी कळलं. आल्विनचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी वर बघितलं तर तू इथे, या झाडाखाली, हात बांधून उभी. सगळ्या खाडीचे हात दोराला होते. तुझे नव्हते. आणि तू आल्विनकडे बघत नव्हतीस, माझ्याकडेही नाही. तू डॅडींकडे बघत होतीस."

मी म्हटलं, "मग फोन कशाला केलेस?"

"तू सांगतेस का बघायला. तीनदा."

"डॅडींना सांगितलंस?"

"मी का सांगू? तुझं आहे, तू सांग."

म्हणजे मी चार पत्रं लिहून तुझ्यासमोर बापाची वकिली केली, आणि बापावर फिर्यादच नव्हती. तू त्यांना भेटायला आली नाहीस ती माझ्यामुळे. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी असायचे म्हणून. अकरा वर्षं ते तोंड लपवून जगले ते कशापायी, याचा हिशोब मला लावता येत नाही.

मग तू परत गेलीस आणि त्यांना विचारलंस, "डॅडी, इथेच राहता?" आणि ते अर्धवट शब्द बोलणारे डॅडी अगदी स्वच्छ म्हणाले, "राहतो." रॉल्स्टनने त्यांची औषधं आणि कपडे तुझ्याकडे पोचवले. मी त्यांचा करडा सूट ठेवून घेणार होते, मग तोही दिला.

निघताना तू मला वर्तमानपत्रात बांधून चार मासे दिलेस. "घे. आज दोराला हात लावलास." मी विचारलं, पुढच्या ईस्टरला येऊ का? तू म्हणालीस, "शंख वाजला तर ये. ऐकायला तुला छान येतं."

तांतीने परवा फोन केला. म्हणते, डॅडी रोज खुर्चीत बसून रापणीवर असतात, जाळं कसं टाकायचं ते तुझ्या माणसांना शिकवतात आणि सगळं चुकीचं सांगतात. "तुझ्या बापाने डोकं उठवलंय गं," म्हणाली, आणि केवढी हसली. इथे घर एवढं शांत आहे की रॉल्स्टन रेडिओ लावून ठेवतो. बर्फात ठेवलेले ते चार मासे मी काल तळले. कुणी जेवायला नव्हतं, एकटीनेच खाल्ले.

सोबत डॅडींसाठी एक चिठ्ठी आहे. त्यांना आता वाचता येत नाही, तू वाचून दाखव. त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं धाडस मला नाही, भित्री म्हण. सोमवारच्या पत्रात मी लिहिलं होतं की माझ्याजवळ काही उरलं नाही. एक गोष्ट उरली होती. तूही आताच वाचशील. आधी एकटी वाचू नकोस, त्यांच्या शेजारी बसून मोठ्याने वाच.

थिया


डॅडी,

त्या दिवशी तुम्हाला घमेलं सापडत नव्हतं. तुम्ही तसेच, रिकाम्या हाताने निघाला होता. मी ओट्याखालून काढलं, पुसलं आणि तुमच्या हातात दिलं. शंख कशाचा आहे ते मला माहीत होतं.

तुमची,
अल्थिया